आधी जीव, मग नांग्या

भाद्रपद लागला की माणिकपूरच्या बाजारात दोन वासांची मारामारी सुरू होते. एकीकडे केवडा, शेवंती, तेरड्याचे भारे, आणि रस्ता ओलांडला की मासळी. गौर आणायच्या दिवशी मी दोन्हीकडे जाते. आधी फुलं, मग मासळी. उलटं केलं तर फुलं वासाने बाटतात, असं सासूबाईंनी लग्न झाल्या झाल्या बजावून ठेवलंय.

यंदाही कोळणीने पाटीतून एक चिंबोरी उचलली, उलटी केली आणि पोटावर अंगठा दाबून दाखवला. "बघ ताई, कशी टनक हाय. जिती हाय, हात लावून बघ." चिंबोरीच्या दोन्ही नांग्या हिरव्या नायलॉनच्या दोरीने अंगाशी आवळलेल्या होत्या. हलत होते ते फक्त डोळे. काड्यांच्या टोकावर बसवलेले ते बारीक काळे डोळे एकदा माझ्याकडे वळले आणि तोंडातून फेस आला. मी पिशवी पुढे केली, पण त्या गाठीकडे बघवेना. इतकी वर्षं झाली, तरी ती गाठ दिसली की माझ्या ओटीपोटात कळ येते. खोटं नाही सांगत. पोट रिकामं आहे, तरी येते.

मी साताऱ्याकडची. आमच्याकडे मटण खायचे, पण कापणारा वेगळा, शिजवणारी वेगळी आणि ओरपणारे वेगळे. पाप असं वाटून घेतलं की कुणाच्याच वाट्याला फारसं येत नाही. लग्न होऊन वसईला आले ती एव्हरशाईन सिटीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. सासर मूळचं खाडीकाठचं, भातशेतीवालं. शेतं गेली, इमारती आल्या, आणि सासूबाई खाडीसकट फ्लॅटमध्ये राहायला आल्या. म्हणजे काय, तर मोरीत एका कोपऱ्यात ओलं गोणपाट कायम असायचं आणि पावसाळा सरता सरता त्या गोणपाटाखाली काहीतरी खसखसत असायचं.

पहिल्याच वर्षी त्यातली एक दोरी सोडवून निसटली आणि गॅसच्या सिलिंडरमागे जाऊन बसली. मी डायनिंग टेबलावर! नवीन नवरी, हातात अजून हिरवा चुडा, आणि टेबलावर उभी राहून "आई, खेकडा! आई, खेकडा!" म्हणून किंचाळतेय. सासूबाई हसून हसून बेजार. "खेकडा तुझ्या साताऱ्याच्या ओढ्यात. ही चिंबोरी हाय. खाली उतर, तुला नाय खात, तूच तिला खानार हायस." मागून, पाठीवर पंजा दाबून त्यांनी ती अलगद उचलली, उलटी धरली, आणि पोटावरच्या त्रिकोणी झाकणाखाली टोकदार सळई एका दमात आत घातली. पाय एकदा ताठ झाले आणि लोंबले. मग त्यांनी नांग्या मोडल्या.

"आधी जीव, मग नांग्या," त्या म्हणाल्या. "जित्या जिवाच्या नांग्या मोडतात ना, त्या बाया मानसात नाय."

मी विचारलं, बाजारातूनच मारून आणलं तर? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता सळई माझ्यावर. मेलेली चिंबोरी कोणी खात नाही, तिचं विष होतं, हे एक. आणि दुसरं त्या म्हणाल्या ते आजही कानात आहे. "पाप त्याच्या हाताला आनि चव आपल्या जिभेला, असं कसं चालंल? जिला खायचंय तिने मारायचं. मारवत नसंल तर वरन हाय, भात हाय."

मला मारवत नव्हतं. खायला मात्र मी शिकले. काय चव असते! दिवाळीच्या फराळाला येणार नाही ती सर त्या लालभडक रश्श्याला. सासूबाई मारायच्या, मी वाटण वाटायची, महेश, म्हणजे माझा नवरा, वर्तमानपत्र पसरून बसायचा आणि तिघं दातांनी कडाकडा नांग्या फोडायचो. त्या काळात हसणं फार व्हायचं आमच्या घरात. आठवलं की चीड येते, इतकं हसत होतो.

मग पहिलं गेलं, तिसऱ्या महिन्यात. दुसरं पाचव्या महिन्यात.

समोरच्या फ्लॅटमधल्या काकू कांदा-लसूणही न खाणाऱ्या. दोन्ही वेळा त्यांनी मला आठ-आठ दिवस वरणभात भरवला, डोक्याला तेल लावलं. बाई सोन्यासारखी. दुसऱ्या वेळी माझा हात हातात घेऊन त्या रडायला लागल्या आणि म्हणाल्या, "रागावू नकोस गं. पण तुमच्या स्वयंपाकघरात जिवंत जीव मारतात. भाजी मुकी असते, पण ते बिचारे धडपडतात ना. त्यांचा तळतळाट लागतो घराला." काकूंनी हे मायेने म्हटलं होतं. शत्रूने म्हटलं असतं तर मी दारातून हाकलून दिलं असतं. मायेने म्हटलेलं कुठे हाकलायचं?

सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या. त्यांच्याकडे कशालाही उत्तर असायचं. या वेळी त्या मोरीतल्या गोणपाटाकडे बघत राहिल्या. मला तेव्हा खरी भीती वाटली.

तिसऱ्या वेळी दिवस राहिले आणि मोरीतलं गोणपाट गेलं. सळई माळ्यावर गेली. सासूबाईंनी घरात हुकूम काढला की या छपराखाली आता कुणी कुणाला मारायचं नाही. महेशला वेगळी ताकीद. "तुझी बायको पोटुशी हाय. तुझ्या हाताने जिवावर धार नको." बाई पोटुशी असताना नवऱ्याने जीव मारू नये, नारळसुद्धा फोडू नये, हे त्यांच्याकडे जुनंच. पण त्यांनी ते इतकं लांब नेलं की आधी आम्हाला हसू यायचं. झुरळ दिसलं की वर्तमानपत्रावर चढवून, जिन्यातून खाली उतरवून, कंपाउंडच्या भिंतीवर नेऊन ठेवायचं. साखरेतल्या मुंग्या उन्हात ताट ठेवून घालवायच्या. डासांची अगरबत्ती बंद! वसईचे डास, आणि अगरबत्ती बंद! संध्याकाळी महेश हात-पाय झाडत बसायचा, एकदा त्याने दंडावर चापट मारली आणि सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. तो नोकरीतल्या साहेबाला कधी घाबरला नसेल इतका घाबरला. पुढे हसू आपोआप थांबलं. मीच अंगावर बसलेला डास फुंकर घालून उडवू लागले. काय बिघडतं, म्हटलं. न जाणो.

हे 'न जाणो' फार वाईट असतं. एकदा घरात शिरलं की ते तुमच्या ताटात बसतं, अंथरुणात झोपतं. माझा विश्वास होता का यावर? नव्हता. तरी मी करत होते. ज्याच्या हातात काहीच नसतं तो हाताला लागेल ते धरतो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पिशवीचं तोंड सैल आहे, टाका घालून बांधून ठेवू. तसं बांधलं. नऊ महिने भरेपर्यंत उठायचं नाही, जिना चढायचा नाही. पलंगाच्या पायथ्याशी विटा लावल्या, म्हणजे पाय वर आणि डोकं खाली. त्या अवस्थेत मी आषाढ काढला, श्रावण काढला. खाली पाण्याचा टँकर आला की बायकांची हंड्यांवरून भांडणं ऐकायची. महेश कामाला गेला की सासूबाई माझ्या पायाशी बसून तांदूळ निवडायच्या, आणि निवडताना सापडलेली अळी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायच्या. पाचवा महिना ओलांडला त्या दिवशी त्यांनी माझ्या पायांवर हात ठेवला आणि कितीतरी वेळ उचललाच नाही. आतून पोर पाय मारत होतं. मी त्यांचा हात पोटावर नेऊन ठेवला. त्यांनी तो भाजल्यासारखा मागे घेतला. दृष्ट लागेल म्हणे, त्यांचीच.

आणि मग गौरी आल्या.

आमच्या सासरी गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. साताऱ्याला पुरणपोळी, घावनघाटलं, आणि इथे चिंबोऱ्यांचं कालवण. शेजारी गणपती बसलेला असतो त्याला दिसू नये म्हणून मध्ये साडीचा पडदा लावायचा. लेकाला मोदक पडद्याच्या अलीकडे, आईला चिंबोरी पडद्याच्या पलीकडे. पहिल्या वर्षी मला फार गंमत वाटली होती. गौर माहेरी आलेली लेक, तिला आवडीचं खायला घालायचं, त्यात काय लाजायचं, असं सासूबाईंचं म्हणणं.

पण त्या वर्षी मारायचं कोणी? नैवेद्य चुकवला तर गौर उपाशी जाईल. दाखवला तर जीव जाईल, आणि तो कुणाच्या हिशेबात धरला जाईल कुणी सांगावं. दोन दिवस सासूबाई घरात फेऱ्या मारत होत्या. काकू म्हणाल्या, पुरण करा, देवीला सगळं चालतं. सासूबाई म्हणाल्या, "देवीला चालंल हो. लेकीला चालंल काय?" शेवटी त्यांनीच तोड काढली. जित्या चिंबोऱ्या आणायच्या, तशाच गौरीपुढे ठेवायच्या, आणि मग खाडीत सोडून द्यायच्या. "तिने बघितल्या म्हंजे खाल्ल्या. आनि तिच्या नावाने त्या सुटल्या. दोघींचा जीव राहील."

दोघी म्हणजे कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. मला कळलं.

पलंगावरून मला दारातून देव्हाऱ्याचा एवढा भाग दिसायचा. साडीचा पडदा, गौरीचा पितळी मुखवटा, तिची नथ आणि समोर पितळेच्या परातीत पाच चिंबोऱ्या, आवळून बांधलेल्या. त्यांच्या तोंडातून फेस येत होता आणि त्याचा बारीक चुरचुर आवाज होत होता. सासूबाई हात जोडून उभ्या होत्या आणि पुटपुटत होत्या, "बाय माझे, गोड मानून घे." मी आडवी पडून त्या आवाजाकडे कान लावून राहिले. आयुष्यात इतकं जीव तोडून मी कधी कुठल्या देवाकडे मागितलं नाही जितकं त्या पाच चिंबोऱ्यांकडे मागितलं.

महेश पिशवी घेऊन खाडीवर गेला आणि लवकरच परत आला.

"सोडल्यास?" सासूबाईंनी विचारलं.

"सोडल्या."

"दोऱ्या कापल्यास ना?"

तो चप्पल काढत होता, तसाच थांबला. "तूच म्हणालीस ना, जिवाजवळ धार न्यायची नाही. हाताने सोडवायला गेलो, ओल्या गाठी, सुटेनात. मग तशाच…"

तशाच! बांधलेल्या! मी तिथून ओरडले, "अरे, त्या खाणार कशाने? हलतील कशा?" त्याचा काही दोष नव्हता. बिचाऱ्याने आईचं अक्षरशः ऐकलं होतं. पण मी वेड्यासारखी रडायला लागले. माझ्या डोळ्यांपुढे चिखलात उलट्या पडलेल्या, नांग्या आवळलेल्या पाच जणी दिसत होत्या. मारल्या असत्या तर एका दमात सुटल्या असत्या. आम्ही त्यांना दया दाखवली आणि उपाशी मरायला टाकून आलो. महेश म्हणत राहिला, "शांत हो, पोटाला ताण बसेल." मी कसली शांत होतेय.

या गोंधळात सासूबाई कधी बाहेर पडल्या कुणाला कळलंच नाही. काकूंनी गॅलरीतून पाहिलं तर त्या कमरेला पदर खोचून, हातात विळा घेऊन खाडीच्या रस्त्याला लागल्या होत्या. पासष्टीची बाई, गुडघे दुखणारी.

परत आल्या तेव्हा मांड्यांपर्यंत चिखल होता आणि उजव्या हाताच्या बोटातून रक्त गळत होतं. पण चेहरा! तसा चेहरा मी त्यांचा पुन्हा पाहिला नाही. "भेटल्या," दारातूनच त्या म्हणाल्या. "पाचपैकी चार भेटल्या. अष्टमीचं भांगाचं पानी, त्याला कुठली ओढ, लांब नाय गेल्या. तिवराच्या मुळात बसल्या होत्या. चौघींच्या दोऱ्या कापल्या. एकीने तर सुटता सुटता माझा चावा घेतला, बघ!" ते रक्ताळलेलं बोट त्या बक्षीस मिळाल्यासारखं नाचवत होत्या. मी हसले. कितीतरी महिन्यांनी हसले. महेशने बोटाला हळद लावली. पाचवीचं नाव कुणी काढलं नाही.

गौरी गेल्या, गणपती गेले. पितृपंधरवडा लागला आणि एका दुपारी माझ्या कमरेतून कळ निघाली.

पुढचं मला सलग आठवत नाही. रिक्षातले खड्डे आठवतात. डॉक्टरीणबाईंचा आवाज आठवतो, "आता टाका कापावाच लागेल." मुलगी होती. सगळं होतं तिला, नखंसुद्धा. रडली मात्र नाही. दाराशी सासूबाई उभ्या होत्या. नर्सने बाहेर येऊन सांगितलं, "टाका कापला, पण उपयोग झाला नाही." सासूबाईंनी स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. जखम अजून भरली नव्हती. मला दारातून ते दिसलं. तेव्हा त्याचा अर्थ लावायची ताकद नव्हती.

त्या दिवसापासून त्यांनी मासळी सोडली. खाडीवर जन्मलेली बाई, जिला सुक्या जवळ्याशिवाय घास उतरत नसे, ती वरणभात चिवडायला लागली. मग वरणही नको. बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, खायला घाला. कसं घालणार? तोंड मिटून बसायच्या. मला माझं पोर गेल्याचं दुःख करायलाही मोकळीक नव्हती, कारण घरात दुसरं एक माणूस मरायला बसलं होतं. मी चिडले, ओरडले, ताट आपटलं. एकदा त्यांचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवलं आणि म्हटलं, "काय झालंय ते एकदा बोला तरी!"

"मीच कापली ना दोरी," त्या म्हणाल्या. "तुला बांधली होती. त्यांना पन बांधली होती. मी तिकडे कापली आनि इकडे सुटलं."

किती महिने हे घेऊन फिरत होती ही बाई! मी सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं, महेशने पाय धरले. काकू येऊन रडल्या. "मी बोलायला नको होतं, माझ्या तोंडाला काय झालं होतं," म्हणाल्या. काही उपयोग झाला नाही. बोलून आत गेलेलं बोलून बाहेर येत नाही.

वर्ष फिरलं, परत गौरी आल्या. तोवर सासूबाईंना उठून बसायला आधार लागत होता. त्या म्हणाल्या, यंदा पुरण कर. मी बरं म्हटलं आणि बाजारातून चिंबोऱ्या आणल्या. माळ्यावरून सळई काढली.

मला येत नव्हतं. मागून पाठीवर पंजा कसा दाबायचा ते फक्त पाहिलेलं. पहिल्यांदा सळई घसरली आणि माझ्या तळव्यात गेली. चिंबोरीचे डोळे माझ्याकडे वळले. मी तिला मोठ्याने म्हटलं, "तुझा काही संबंध नाही. तू कुणाला शाप दिलेला नाहीस. मला खायचंय म्हणून मी मारतेय, एवढंच." आणि दम धरून सळई घातली. पाय ताठ झाले, लोंबले. मी ओट्याला टेकून रडले. मग दुसरी घेतली. जीव घेतल्याचं ओझं काय असतं ते मला त्या दुपारी कळलं. ते होतं, खरं होतं. पण ते तेवढंच होतं, हातात मावेल एवढं. वर्षभर आम्ही वाहत होतो ते हे नव्हतंच.

पडदा लावला, नैवेद्य दाखवला, आणि केळीचं पान सासूबाईंपुढे नेऊन ठेवलं. वास घराबाहेर गेला असणार. समोर काकूंनी दार लावून घेतलं नाही.

"कोनी मारली?" त्यांनी विचारलं.

"मी."

"आधी काय केलंस?"

"आधी जीव. मग नांग्या."

"आनि दोरी?"

"दोरीही मीच कापली, आई. पाचच्या पाच. बघा, काही झालं नाही." आणि मग जे मी बोलणार नव्हते ते तोंडातून निघून गेलं. "आता आपल्याकडे व्हायचं राहिलंय तरी काय?"

महेश उठून गॅलरीत गेला. सासूबाईंनी माझा हात ओढून घेतला, तळव्यातली सळईची जखम पाहिली, आपलं जुन्या व्रणाचं बोट तिच्यावर ठेवलं. आणि रडल्या. त्या वर्षात पहिल्यांदा, मोठ्याने, जशी घरातली बाई पोर गेल्यावर रडते तशा. मीही रडले. दोघींनी मिळून त्या मुलीसाठी पहिल्यांदा रडून घेतलं.

मग त्यांनी डोळे पुसले, एक बारीक नांगी उचलली आणि दाताने फोडली. आतलं पांढरं मांस अख्खंच्या अख्खं, न तुटता बाहेर काढलं. मला वाटलं, खाणार. त्यांनी ते पानाच्या कडेला ठेवलं.

"ही तिला," त्या म्हणाल्या. "मग आपन जेवू."

त्या जेवल्या.

त्यानंतरही माझ्याकडे पाळणा हलला नाही. काकू अजून समोर आहेत आणि अजून म्हणतात की जिवंत जीव मारणं पाप. असेलही. मी वाद घालत नाही. सासूबाईंचे दात गेले, त्यामुळे आता नांगी मी फोडते. त्या खुर्चीवरून बघत असतात. मांस तुटू नये म्हणून मी श्वास रोखून ते काढते, पानाच्या कडेला ठेवते, आणि ते ठेवल्याशिवाय आमच्या घरात कुणी पहिला घास घेत नाही.